लाइट नसताना चालणारी डिस्क

दुकानदारानं काउंटरवर दोन डिस्क ठेवल्या. एक विटेएवढी, तिला बोर्डात लावायचा वेगळा अडाप्टर. दुसरी तळहाताएवढी, कॉम्प्युटरच्याच वायरीवर चालणारी. पण जागा फक्त चाळीस जीबी. माझ्या मशीनमध्ये अडकलेलं शिवकन्येच्या लग्नाचं शूटिंग पन्नासच्या वर होतं.

शिवकन्या शेजारीच उभी होती, हसनाबादहून सकाळच्या गाडीनं आलेली. लग्नानंतर विसाव्या दिवशी तिचे वडील तातेराव बसल्या जागी गेले. माझी सीडी तयार नव्हती, आणि ज्या कॅसेटींवर तिचं लग्न होतं त्यांच्यावर मी पुढची दोन लग्नं उतरवली होती. सगळे शूटिंगवाले तसंच करतात. पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगणार?

बदनापूरला स्टुडिओत मशीन चालूच ठेवून आलो होतो. आतली हार्डडिस्क कालपासून टकटक करत होती. मेकॅनिक वसंता म्हणाला होता, "बंद करू नको भुजंग. एकदा बंद पडली की पुन्हा उठायची न्हाई." बारा वाजता भारनियमन. त्यानंतर इन्व्हर्टर कॉम्प्युटरला जेमतेम अर्धा तास ओढायचा. वर आणखी अडाप्टर त्याला झेपला नसता, पण दुकानात हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

"मोठीच घेतो," मी म्हणालो. "सगळं मावंल."

"लाइट गेल्यावर चालणारी कोणती?" शिवकन्येनं विचारलं.

धंदा माझा आणि अक्कल तिची! छोटी घेतली आणि धावत जीप गाठली.

स्टुडिओत पाय टाकला आणि पंखा थांबला. इन्व्हर्टरवर मशीन चालू होतं, पण टकटक वाढली होती. मी डिस्क जोडली.

"सगळं व्हायचं न्हाई, ताई. आधी काय घेऊ? मंगलाष्टकं?"

"बापू दिसतेत तेवढं घ्या."

लग्नाच्या शूटिंगमध्ये मुलीचा बाप शोधणं सोपं नसतं. तो पंगतीत असतो, पाहुण्यांच्या मागं असतो, पाण्याच्या टाकीपाशी असतो. कॅमेरा त्याच्याकडं फिरवा असं कुणी सांगत नाही. मला तीन तुकडे सापडले. दोन उतरले. तिसरा नव्वद टक्क्यांवर अडकला. शिवकन्येनं टेबलाची कड घट्ट धरली. एकदाचा तोही उतरला. चौथा शोधायला घेतला तोच मशीन कर्र करून बंद पडलं. बाकीचं लग्न गेलं.

संध्याकाळी वसंताच्या कॉम्प्युटरवर डिस्क लावली. पहिल्या दोन तुकड्यांत तातेराव लांबून, बँडच्या गोंगाटात. तिसऱ्यात स्टेजवर शिवकन्या. तातेराव मागून येतात, तिच्या डोक्यावर हात ठेवतात. तेवढ्यात माझा आवाज येतो, खेकसल्यासारखा: "ओ काका, बाजूला व्हा, मधी येऊन राह्यले तुम्ही!"

तातेराव कॅमेऱ्याकडं बघतात. "बरं, बरं," म्हणतात आणि निघून जातात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आवाज बंद करू का, ताई?"

"नका," ती म्हणाली. "बापू बोललेले तेवढंच हाय त्यात."