आधी स्कोअर वाढव

आई गेल्यावर दोघा भावंडांत वाटून घ्यायला उरलं ते एवढंच: औषधांच्या दुकानावरचं दोन खोल्यांचं घर. धाकटीने आईचं आजारपण तिथेच काढलं होतं. पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत आईला धरून चालायला बांधलेली दोरी अजून तशीच होती, आणि अंधारात आईच्या बोटांना कळावं म्हणून दिव्याच्या बटणावर चिकटवलेली खरखरीत पट्टीही. तिथून हलायचा विचारही तिच्या मनाला शिवत नव्हता.

दादाला मात्र घर विकायचं होतं. खालच्या औषधवाल्याला गोदामासाठी वरचा मजला हवा होता आणि तो पैसेही बरे देत होता. बरीच बोलाचाली झाल्यावर ठरलं ते असं, की धाकटीने बँकेचं कर्ज काढून दादाचा हिस्सा घ्यावा. वर्षाअखेरपर्यंत जमलं नाही, तर मुकाट्याने औषधवाल्याच्या कागदांवर सही करावी. तिने तसा शब्द दिला.

दादा मोटारींच्या शोरूममध्ये विक्रीला होता. टकल्यालाही कंगवा विकेल, असं आई कौतुकाने म्हणायची. गिऱ्हाइकांना कर्ज मिळवून देणं त्याचं रोजचंच, तेव्हा कर्जातलं काही विचारायचं तर त्यालाच, हे ओघानेच आलं. ती स्वतः कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला. मेणात दात बसवताना केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटत नसे, पण बँकेचं नाव निघालं की ती दादाकडे बघे.

एक जुनं कार्ड सोडलं तर तिच्या नावावर कसली उधारी नव्हती. दादाने तिचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे बँकांच्या लेखी तिची पत, फोनवर काढून पाहिला. चांगला आहे, म्हणाला, पण एका कार्डाच्या जोरावर कुठली बँक एवढी रक्कम देत नाही.

"आधी स्कोअर वाढव, चिमे. दोन-तीन छोटी कर्जं अंगावर घे. बँकेला दिसू दे, आमची चिमी कर्ज पेलू शकते."

मग फ्रिज हप्त्यांवर आला, पाठोपाठ वॉशिंग मशीन आलं. तीन बँकांकडे कार्डासाठी अर्ज गेले, त्यातलं एक मिळालं. नणंदबाई आता मोठ्या माणसांत गेल्या, अशी वहिनीने चेष्टा केली तेव्हा ती हसलीसुद्धा. आई गेल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यासाठी धडपडतंय, असं तिला वाटलं होतं.

बँकेतल्या बाईंनी अर्ज पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. स्कोअर घसरून त्यांच्या मर्यादेखाली गेला होता. कर्जाच्या प्रत्येक अर्जागणिक चौकशीची नोंद होते, त्यांनी समजावलं. थोड्या दिवसांत अशा पाच नोंदी दिसल्या, की या माणसाला पैशांची निकड आहे असं वाटतं. शिवाय नवी खाती उघडली की जुन्या खात्याने इतक्या वर्षांत कमावलेली पत पातळ होते. कायमचं काही बिघडलेलं नाही. हप्ते वेळेवर भरा, नवं काही घेऊ नका, काही महिन्यांत सावरेल. वर्ष संपायला मात्र महिनाच उरला होता.

"पण घराच्या कर्जाच्या तोंडावर हे करायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माझ्या भावाने," म्हणताना तिला त्याचीच कीव आली. बिचारा आपल्यासाठी धावला आणि चुकला. त्याला लागेल असं काही बोलायचं नाही, असं तिने वाटेत ठरवूनही टाकलं.

शोरूममध्ये दादा तिच्याकडे पाठ करून एका तरुण जोडप्याला गाडी दाखवत होता. दोन महिन्यांत घराचंही कर्ज काढायचंय, असं त्यातली बायको बोलता बोलता म्हणाली. दादाने गाडीचं उघडलेलं दार लावून टाकलं.

"मग आज गाडी घेऊ नका. माझी विक्री गेली तरी चालेल. आधी घराचं होऊ द्या. तोवर साधं कार्डसुद्धा मागू नका, स्कोअर पडतो."

जोडपं आभार मानून गेलं. तो वळला तर ही समोर. तिच्या हातातली बँकेची फाईल त्याने पाहिली आणि गिऱ्हाइकासाठी सरकवतात तशी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही.

"परक्यांना खरं सांगतोस, दादा."

त्याने इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. त्या घरात तू कुजली असतीस, म्हणाला. रिकाम्या पलंगाशी बोलत बसतेस, तुझ्या वहिनीने ऐकलंय. तुझ्या भल्यासाठीच केलं. मग म्हणाला, मलाही पैसे हवेत, नाही असं नाही.

तिला हे शेवटचं त्यातल्या त्यात परवडलं.

"सरळ मागितलं असतंस, तर रडत का होईना, मी सही केली असती."

"मग आता कर. शब्द दिलायस तू."

"दिला होता. तेव्हा तू माझ्या बाजूने आहेस असं वाटत होतं." फाईल तिने पिशवीत घातली. "स्कोअर सावरला की बँकेत पुन्हा जाईन. तोवर सही मागायला येऊ नकोस. वहिनीलाही पाठवू नकोस."

शोरूमचं काचेचं दार जड होतं. एरवी दादा पुढे होऊन उघडून धरायचा. तिने खांद्याने ढकललं.

बसस्टॉपवर उभी असताना तिला वाटलं, आई असती तर घरी जाऊन हे सगळं तिला सांगितलं असतं. आईने दादाचीच बाजू घेतली असती, लहानपणापासून घेत आली तशी. आज तिला तेवढंही ऐकायला चाललं असतं.