‘बंद’ सांगणारी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे, आणि आता पुरती वैतागले आहे.

बरकतपुऱ्यातल्या एका छोट्या कंपनीत लसींच्या फ्रिजला लावायची पेटी बनते. फ्रिजमधला गारवा कमी झाला की पेटीने भोंगा वाजवायचा. पेटीतल्या संगणकाचा मूळ प्रोग्राम म्हणजे कर्नेल, आणि तापमापकाचं म्हणणं त्याच्या कानावर घालतो तो ड्रायव्हर. हे सगळं कंपाइल करण्याआधी, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवण्याआधी, यंत्र एक यादी वाचतं: काय चालू, काय बंद. सात वर्षांपूर्वी कंपनीतल्या रेणुकाने मला त्या यादीत लिहिलं. ‘तापमापकाची झोप बंद’, एवढंच मी सांगते. वीज वाचवायला तो झोपला, तर लस नासेल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही.

माझं दुखणं एकच. या यादीत बंद गोष्टीची ओळ # या खुणेने सुरू होते. इतर बऱ्याच ठिकाणी ही खूण म्हणजे नुसता शेरा, पुसला तरी चालतो. इथे मात्र ती आज्ञा आहे. हे किती जणांना सांगू?

गेल्या महिन्यात पुण्याहून हर्षद इथे कामाला आला. हुशार, पण साफसफाईची भारी हौस. त्याने मला पुसून टाकलं. कोणी काही सांगितलं नाही तर झोप चालू समजायची, हा यंत्राचा नियम. झालं!

चाचणीला फ्रिजचं दार उघडं ठेवलं. आत गरम होत गेलं, भोंगा गप्प. सोमवारी चाळीस पेट्या गावोगावच्या दवाखान्यांत जायच्या होत्या. हर्षदने वायर बदलली. मग नवा भोंगा आणायला अफझलगंजच्या बाजारात धावला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

शेवटी रेणुकाने जुनी आणि नवी यादी शेजारी शेजारी लावली.

“हर्षद, ही ओळ कुठं गेली?”

“अगं, नुसता शेरा होता तो. कचरा काढला.”

“हौ, कचरा! बंद म्हणायची तीच पद्धत आहे बाबा. असं नक्को करत जाऊ, आधी विचारायचं ना!”

हर्षद ओशाळला. त्याने मला परत लिहिलं आणि माझ्या डोक्यावर एक खराखुरा शेरा लिहिला, ‘# खालची ओळ पुसू नका’. पुन्हा कंपाइल केलं, दार उघडलं, आणि भोंगा असा बोंबलला की रेणुकाच्या हातातला चहा सांडला. पेट्या सोमवारी गेल्या.

आता गंमत ऐका. कंपाइल करताना यंत्र यादी नव्याने लिहून काढतं. त्यात हर्षदचा शेरा त्याने टाकून दिला आणि मला ठेवलं. खूण दोघांचीही तीच होती. मित्रांनो, शेरा कोणता आणि आज्ञा कोणती हे बिनडोक यंत्रालाही कळतं; तुम्हाला कळत नसेल, तर पुसण्याआधी कोणाला तरी विचारून घ्या!