कप धुवायची शिक्षा

"जी बैठकीला यायची थांबते ना, तिच्या घरी आधी जा. चहा नंतर पी," बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेतून निवृत्त होताना, तिथल्या जुन्या कार्यकर्त्या मावशींनी तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. "मावशी, तुम्हाला प्रत्येक दारामागे वाघच दिसतो!"

वस्तीतल्या बायकांचे गट बांधायला ती लागली, तेव्हा तिच्या पायाला भिंगरी होती. पुढे ती कार्यक्रम व्यवस्थापक झाली. टेबल आलं, काचेची केबिन आली, मग लेक झाली. गटात यायची थांबलेली बाई स्वतःच्या पायांवर उभी राहिली, असंच संस्थेत धरलं जाई. तीही तसंच धरून चालली.

शिवणकाम करणारी, सगळ्यांची लाडकी 'खिदळी' दिसेनाशी झाली, तेव्हाही. फोन केला की नवरा उचलायचा. "कामात आहे ती."

एका दुपारी मात्र तिला मावशींचं बोलणं आठवलं. पाळणाघर बंद होतं, म्हणून लेकीला कडेवर घेऊनच ती खिदळीच्या घराचा जिना चढली.

दार फटीएवढंच उघडलं. "झोपलीय," नवरा म्हणाला.

"आवाज तरी ऐकू द्या, भाऊ. एवढ्या लांबून आलेय."

त्याने मान आत वळवली. "सांग गं, बरी आहेस म्हणून."

"बरी आहे मी, मॅडम. खरंच, मॅडम. तुम्ही जा, मॅडम."

तिने कान टवकारले. गटाचा पहिला नियमच होता: इथे कुणी मॅडम नाही. जी म्हणेल, तिने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे. खिदळीने आजवर एकही कप विसळला नव्हता. ती तर हिला 'काय गं बये' म्हणायची!

त्याच्या बोटांनी दाराची कड आवळून धरली होती. पोरगी कडेवर आहे, पळ इथून, असं मन ओरडत होतं. लेकीने गळ्याची मिठी घट्ट केली. तरी ती बोलली, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी.

"सारखं मॅडम मॅडम काय लावलंयस? चल, कप धुवायला! तुला घेतल्याशिवाय मी हलायची नाही."

समोरचं दार उघडलं. मग शेजारचं. "काय झालं हो?" एका आजींनी विचारलं. दारावरची नवऱ्याची बोटं सैल झाली.

खिदळी बाहेर आली. चपला हातात, एक डोळा सुजून मिटलेला. रस्त्यावर आल्यावर कुजबुजली, "बये, मला वाटलं, टेबलापाशी बसून तू नियम विसरलीस."

आजही घरी दाराची बेल वाजली की, खिदळीचा नवरा आला असेल म्हणून ती लेकीला आधी आत ओढते. मगच कडी काढते.

तुमच्याही ओळखीत असेल कुणी, हल्ली दिसत नाही अशी. फोनवर 'बरी आहे' ऐकून गप्प बसू नका. आजच जा. दार उघडेपर्यंत तिथून हलू नका, आणि तिला डोळ्यांनी बघूनच परत या.