रागाची तालीम

मनिरामनं मिशीवरून पालथी मूठ फिरवली, छाती फुगवली आणि तिसऱ्यांदा आरोळी ठोकली. समाजमंदिराच्या पत्र्यावरचं कबुतरसुद्धा हललं नाही.

"भाऊ, तुमी मालगुजार आहात," नाटक बसवणारा ईश्वरदास कपाळाला हात लावून म्हणाला. "पोरीले सासरी धाडून राहिल्यावानी काऊन बोलता?"

दिवाळी झाली होती, मंडईची जत्रा तोंडावर आली होती. मंडईला नाटक, आणि नाटकात दुष्ट मालगुजार, गावचा जमीनदार. हा पार्ट मनिरामच्या घरचा. आधी त्याच्या बापानं केला. ऐन रागाच्या प्रवेशात बापाचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडायचा, घाम फुटायचा, हात थरथरायचे. लोक शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घ्यायचे. बाप भर उमेदीत आंगणातच कोसळून गेला, तेव्हा पार्टानंच नेलं, असं लोक म्हणाले. मग मनिराम उभा राहिला. तोच पांढरा चेहरा, त्याच शिट्ट्या. घरीही तोच प्रवेश व्हायचा. तिथं शिट्ट्या मारायला कुणी नसायचं, एवढाच फरक.

गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या डॉक्टरांना त्याच्या मूत्रपिंडावर बसलेली गाठ सापडली. घाम, धडधड, डोकेदुखी आणि रागाचा तो भडका, पुष्कळसं तिचंच काम होतं. ती पिढ्यान्‌पिढ्या रक्तातून येते, बापाचीही तीच असावी, असं त्यांनी सांगितलं. गाठ काढली आणि मनिरामला वाटलं, अंगात फुकट ठाण मांडून बसलेला कुणी बिऱ्हाड उचलून गेला. तेव्हापासून साधा वरण-भात समोर आला तरी त्याला भरून यायचं. डॉक्टरांचे, देवाचे, बायको प्रेमिलाचे, किती जणांचे उपकार मानावेत हे त्याला कळत नसे. गाव हसायचं, तो हसू द्यायचा.

काळजी उरली होती ती एकच. मुलांचंही रक्त तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्याचा भूपेंद्र काही केल्या ऐकत नव्हता. मले काय झालं, म्हणायचा आणि मोटरसायकलला लाथ मारून निघून जायचा.

आताही भूपेंद्रच पुढे आला.

"बाबा, सरका. असं नाही, असं!"

त्यानं समोरची खुर्ची लाथेनं उडवली आणि गरजला. बघता बघता पोराच्या तोंडावरचं रक्त उतरलं, कपाळावर घाम डवरला, हात थरथरू लागले. ईश्वरदासनं टाळ्या पिटल्या.

"वा रे पठ्ठ्या! घराणं बोलून राहिलं!"

मनिरामला टाळी वाजवता येईना. आपण कसे दिसत होतो, हे तो आज पहिल्यांदा पाहत होता. त्यानं प्रेमिलाकडे पाहिलं. ती सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊन आली होती, हॉटेलातून मागून आणलेले काचेचे पेले तिनं चटईवर मांडले होते. आता चटईवर एकही पेला नव्हता. सगळे पदरात गोळा करून ती दाराशी, भिंतीला पाठ लावून उभी होती, आणि काचेला काच लागल्याचा आवाजही झाला नव्हता.

आपल्या घरात सारी भांडी स्टीलची का, हे मनिरामला त्या क्षणी उमगलं. इतकी वर्षं तो तिला काटकसरी समजत होता. त्याचे डोळे भरून आले.

त्यानं भूपेंद्रचं मनगट धरलं. नाडी बेफाम पळत होती.

"नेहमीच होते असं?"

"होते कधी कधी. डोस्कंबी ठणकते मंग." भूपेंद्र खांबाला टेकला. तेवढ्यात त्याची नजर दाराकडे गेली. "माय, तू तिकडं काऊन गेली?"

प्रेमिलानं आपल्या पदराकडे पाहिलं. पेले पाहून तिलाच नवल वाटलं.

"मले कुठं माईत, बाबू."

भूपेंद्रनं तिच्याकडे पाहिलं, पदरातल्या पेल्यांकडे पाहिलं. मग खाली पडलेली खुर्ची त्यानं उचलून सरळ ठेवली.

"सोमवारी जाऊ नागपूरले," तो बापाकडे न बघता म्हणाला.

मनिरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आन मालगुजार कोन करन?" ईश्वरदास कुरकुरला.

"हेच करतीन," प्रेमिला म्हणाली. तिनं पेले पुन्हा चटईवर मांडले. "अजी, आंदी एक पाऊल मांगं सरा. तुमी सरत होते. डावा डोळा बारीक करा. आन वरडू नका पयले, आवाज खाली न्या. मंग सोडा."

"एवढं पाहून ठेवलं तू?"

"पाहा लागे." चटईवर बसून तिनं किटली जवळ ओढली. "आन सारा गाठीचा नव्हता जी तो राग. थोडा तुमचाबी होता."

"हव," मनिराम म्हणाला. "होता."

तो एक पाऊल मागे सरला. डावा डोळा बारीक केला, आवाज खाली नेला, आणि मग सोडला. कबुतर फडफडत उडालं, ईश्वरदास दोन पावलं मागे सरकला. मनिरामचं काळीज मात्र संथ चाललं होतं. धास्तावून त्यानं प्रेमिलाकडे पाहिलं.

ती चटईवर तशीच बसली होती, चहा ओतत. पहिला पेला तिनं त्याच्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "काचेचा आहे, नीट धरा."