बसायला कारण

विशाखानं गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं आणि कॅमेऱ्याच्या अगदी समोर जाऊन बसली.

गारखेड्यातल्या त्या कुर्त्यांच्या दुकानात कामाच्या बायांनी बसायचं नसे. मालक शिवराज दुपारी घरी जेवायला जाई. पण जातो कसला! फोनवर सगळं बघत राही. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला डोळा होता, वर तोंडही होतं. ते लगेच शिवराजच्या आवाजात उघडलं.

“विशाखा, उठ.”

“बसू द्या थोडं, शेठ. गिऱ्हाईक नाय आत्ता.”

“बरं नाय का?”

“बरी हाय.”

“मग?”

घड्या घालणाऱ्या सुरेखाकाकूंचे हात थांबले. परवा त्या अशाच बसल्या होत्या. शिवराजनं कारण विचारलं, आणि दुकानात आलेल्या परक्या बाप्याच्या देखत त्यांना पाळीचं मोठ्यानं सांगावं लागलं. वर हा म्हणतो कसा, “मग बस की! मी काय राक्षस हाय का?” काकू दिवसभर मान वर न करता राबल्या. विशाखाचं डोकं तेव्हापासून तापलेलं होतं.

“कारण सांग अन् बस. मी कधी नाय म्हणतो का?”

“कारण काय नाय, शेठ.”

“अगं, खोटं का हुईना, सांग की बाई,” काकू पुटपुटल्या. “नोकरी घालवती का?”

नोकरी विशाखाला हवीच होती. फुलंब्रीचं घर तिच्याच पगारावर चालत होतं. तरी ती उठली नाही.

“शेवटचं इचारतो.”

“काकूंना इचारलं तसं मला इचारू नका. सांगणार नाय. पाय माझे हायेत.”

“बरं. मग उद्यापासून...”

तेवढ्यात कॅमेऱ्यातून एका बाईचा आवाज आला. ती शिवराजची बायको, सायली.

“बसू द्या की हो त्यांना.”

“तू मधी बोलू नको. ताट उचल.”

“उचलते. जरा बसलेय.”

“का? काय झालं?”

शिवराज फोन बंद करायचा विसरला होता. सुरेखाकाकूंनी हातातली कुर्ती बाजूला ठेवली, दुसरं स्टूल ओढलं आणि विशाखाशेजारी बसल्या.

“काय नाय झालं,” सायली म्हणाली.