न विसळलेली बाटली

"अगं ए, थांब! तशीच काय भरतेस? विसळ आधी."

मावशीने हात लांब केला, पण प्रयोगशाळेतून आलेल्या त्या मुलीने तोवर पंपाच्या नळाखाली बाटली धरून गळ्यापर्यंत भरलीसुद्धा. झाकण फिरवलं, बाटली पुसली आणि थंड पेटीत ठेवून दिली. मावशीच्या अंगावर काटा आला. शिकलीसवरलेली पोर, पांढरा कोट घातलेली, आणि रीत अशी?

"तुझ्या आईने तुला भांडं विसळायला नाही शिकवलं?"

मुलगी हसली. "मावशी, या बाटल्या विसळायच्या नसतातच. तळाशी थोडं पाणी दिसतं ना, ते पाणी नाही, आम्ल आहे. मुद्दाम घालून पाठवतात."

"ते कशाला?"

"शिसं लबाड असतं. आम्ल नसलं तर ते बाटलीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतं आणि तपासणीत सापडतच नाही. मग कागदावर पाणी स्वच्छ, आणि विहिरीत होतं तसंच." मग तिने सहज विचारलं, "तुम्ही नाही ना विसळत?"

"मी काय वेडी आहे?" मावशी म्हणाली.

शब्द तोंडातून सुटला आणि मावशी मनात मोजायला लागली.

आठ महिने. दर गुरुवारी तीन बाटल्या. तीन-तीनदा विसळलेल्या.

मावशीची स्वच्छता म्हणजे गल्लीला धाक होता. तिच्या ओट्यावर माशी बसायची तर पाय पुसून बसायची, असं लोक म्हणत. घरातलं स्टीलचं पिंप तिने इतकं घासलेलं की समोर उभं राहून भांग पाडावा. या गल्लीच्या मागे बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा कारखाना होता. मावशीच्या नवऱ्याने त्यात बावीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला, मालक गेला, आणि मागे राहिलं ते जमिनीत मुरलेलं शिसं आणि नवऱ्याची दोन लुळी मनगटं. सदऱ्याची बटणं अजून मावशीच लावते. विहिरीवर झाकण ठोकून कुलूप लागलं, पाणी टँकरने येऊ लागलं.

मग पाणी साफ करणारे आले. विहिरीत पंप सोडला, पाणी वर ओढून मोठमोठ्या टाक्यांत घेतलं. एका टाकीत चुना घालून गाळ खाली बसवायचा, दुसऱ्या टाकीतून गाळून घ्यायचं आणि निवळलेलं पाणी परत जमिनीत सोडायचं. माती खणून तीही धुवायची. मावशीला हे काम पहिल्या दिवसापासून पटलं. पाण्याचं धुणं! एवढी वर्षं जगाने भांडी, कपडे, तोंडं धुतली. पाणीच धुवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आधी तपासणीच्या बाटल्या पंपवाला भरायचा. त्याच्यावर दुसऱ्या पंपाचं काम आलं तेव्हा त्याने मावशीला बोलावून दाखवलं. "नळ सोडायचा, थोडं वाहू द्यायचं, बाटली भरायची. बाटली विसळायची नाही." मावशीने मान डोलावली, आणि मनात म्हणाली, पुरुषांना काय कळतंय विसळण्यातलं. पहिलीच बाटली उघडली तर तळाला ओल. कुणाची तरी उष्टी बाटली पाठवलीय मेल्यांनी! तिने विसळली. बोटांना चुणचुणलं. साबण राहिलाय म्हणून आणखी दोनदा विसळली. तेव्हापासून तोच नेम.

आणि गंमत अशी की तिच्या हाती काम आलं आणि तपासणीच्या कागदावरचा शिशाचा आकडा उतरायला लागला. पंपवाला म्हणाला, "मावशी, तुमच्या हाताला यश आहे." ती चारचौघांत नको नको म्हणाली, आणि घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

आज त्याच यशाचा दिवस होता. अकरा वाजता पाणी साफ करणाऱ्यांचे साहेब येणार होते. विहिरीचं कुलूप निघणार, टँकर बंद होणार, साफ करायचा पंप थांबणार, आणि पहिला पेला मावशीने प्यायचा, असं ठरलं होतं.

नऊ वाजले होते.

घरी सून नातीची वेणी घालत होती. दोन वर्षांपूर्वी पोरीच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा सुनेने एका वाक्यात सांगितलं होतं, "पाणी साफ होईपर्यंत मी हिला या घरात ठेवणार नाही." आणि माहेरी निघून गेली. मुलगा कामाच्या गावी, सून माहेरी, आणि मावशी लुळ्या मनगटांच्या म्हाताऱ्यासोबत इथे. तेव्हा मावशी सुनेला काय काय बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही. काल दोघी परत आल्या होत्या. कायमच्या. कागद पाहून.

नात पिंपासमोर उभी राहून स्वतःच्या तोंडाला वेडावत होती. तिने गूळ खाल्लेला हात पिंपावर सपकन मारला.

"अगं, आत्ता घासलंय ते!" सून ओरडली.

"असू दे," मावशी म्हणाली.

सुनेने चमकून वर पाहिलं. या घरात पिंपाला डाग पडला आणि मावशी असू दे म्हणाली! "आई, बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय?"

म्हातारा खाटेवर बसला होता. मावशीने त्याच्या सदऱ्याची बटणं लावायला घेतली. वरचं बटण खालच्या काजात गेलं. तिने सोडलं, पुन्हा लावलं, पुन्हा चुकलं. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. काही विचारलं नाही. चाळीस वर्षांत एवढं तरी तो शिकला होता.

मावशीचं मन सारखं एकच सांगत होतं. गप्प बस. त्या पोरीने आज बाटली भरलीय, आकडा आठ दिवसांनी कळेलच. जे व्हायचं ते आपोआप होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण आठ दिवस म्हणजे किती पेले? ती नातीकडे बघत राहिली. लहान पोर, दिवसाचे पाच तरी धरा. पुढे तिला मोजवेना.

अकरा वाजता विहिरीपाशी गल्ली लोटली. बायका कळशा घेऊन रांगेत उभ्या. मावशीची जाऊ सगळ्यात पुढे, दोन घागरी घेऊन. साहेबांनी भाषण केलं. कुलूप निघालं. पंपवाल्याने पेला भरून मावशीच्या हातात दिला. पाणी असं नितळ की पेल्याचा तळ जवळ आल्यासारखा दिसत होता.

"प्या, मावशी. तुमचा मान," साहेब म्हणाले.

मावशीने पेला उचलला. साहेबांच्या मागे सून नातीला कडेवर घेऊन उभी होती. नात हात पुढे करून म्हणाली, "आजी, मला पण."

मावशीने पेला उपडा केला. पाणी तिच्या पायांवर पडलं.

"झाकण लावा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे झाकण लावा. कुलूप घाला. पंप थांबवू नका."

जाऊ खिदळली. "आता पाण्यालाही नावं ठेवतेय. हिला चंद्र दिला तरी म्हणेल, घासून आणा."

"बाई, तू म्हणतेस ते खरं आहे," मावशी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने जावेचं म्हणणं मान्य केलं, आणि जाऊच गडबडली. "घासण्यानेच घात केला. बाटल्या विसळायच्या नव्हत्या, मी विसळल्या. आठ महिने. पंपवाल्याने सांगितलं होतं. त्याची चूक नाही. मला वाटलं, मला जास्त कळतं. तो आकडा पाण्याचा नाही, माझ्या विसळण्याचा आहे. माझं चुकलं."

कुणीतरी कळशी खाली आपटली. एक बाई मोठ्याने म्हणाली, "म्हणजे पुन्हा टँकर? हिच्यापायी?" साहेबांचा चेहरा लाल झाला. ते पंपवाल्याकडे वळले, पंपवाला खाली बघू लागला. तेवढ्यात तपासणीवाली मुलगी पेटी घेऊन पुढे आली. "साहेब, त्या म्हणताहेत ते शक्य आहे. निकाल येईपर्यंत झाकण लावावं लागेल."

झाकण लागलं. लोक पांगले. मावशीला वाट द्यायला बायका बाजूला झाल्या, पण ती वाट मानाची नव्हती.

आठ दिवसांनी आकडा आला. आधीच्या चौपट. टाक्या चालू राहिल्या, टँकर चालू राहिला. मावशीचं बाटल्यांचं काम गेलं. टँकरच्या रांगेत तिच्या मागे आता लोक हातभर जागा सोडून उभे राहायचे.

सुनेने पिशव्या भरल्या. मावशी दारात उभी होती. दोन वर्षांपूर्वीचे सगळे शब्द तिला आठवत होते, पण आज एकही कामाला येत नव्हता.

"जा," ती म्हणाली. "तेव्हाही तुझंच बरोबर होतं."

सून चपला घालता घालता थांबली. "आई, मी साहेबांना भेटून आले. म्हटलं, बाटल्या पुन्हा तुमच्याकडेच द्या."

"खुळी का काय? त्यांनी हाकललंय मला."

"ते नाहीच म्हणत होते. ती तपासणीवाली म्हणाली, द्या. मीही सांगितलं, दुसऱ्या कुणी भरलेल्या बाटलीवर मी पोरीला इथे आणणार नाही." तिने नातीचा हात धरला. "तुम्ही कळवा, पाणी साफ झालं म्हणून. कागद नको. तुम्ही कळवा."

मावशीने वाकून नातीची सैल झालेली वेणी घट्ट केली. बोलली असती तर रडू आलं असतं, आणि सुनेसमोर रडणाऱ्यातली ती नव्हती.

दोघी कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्यावर खाटेवरून म्हातारा म्हणाला, "त्या दिवशी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं."

"काय?"

"माझं चुकलं."

"गल्लीला म्हटलं. तुम्हाला नाही."

गुरुवारी तिने तीन बाटल्या भरल्या. प्रत्येकीच्या तळाशी ती ओल होती. हात सवयीने बाटली विसळायला गेला, तो तिने दुसऱ्या हाताने धरला. पाणी गळ्यापर्यंत आलं, झाकण लावलं, पेटीत ठेवलं.

घरी येऊन तिने राख आणि काथ्या घेतला आणि पिंप घासायला बसली. वरची कड घासली, तळ घासला, तोटी घासली. मधोमध, कमरेच्या उंचीला, गुळाचा वाळलेला एक पंजा होता, पाच बोटांचा, इवलासा. तिने त्याच्या भोवतीने काथ्या फिरवला, बोटांच्या फटींतून जपून, आणि तेवढी जागा सोडून सगळं पिंप लख्ख केलं.