गाडीच्या नाकासाठी काढलेले पोट

या मित्रांनो, असे जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, पुढच्यांनी पाय आखडून घ्या. पाय का आखडायचे, ते गोष्टीत पुढे येईलच. आज मी तुम्हाला एका चुकलेल्या मापाची कथा सांगणार आहे. मन लावून ऐका, आणि मधेच कोणाला सूर लावावासा वाटला तर खुशाल लावा. साथीला माझे पत्रे आहेतच.

मी एक जुने गॅरेज आहे. चार भिंती, वर पत्रे, पुढे दोन झडपांचे लाकडी दार, आणि मागच्या भिंतीला एक गोल पोट. हो, पोटच! पोटभर जेवून माणूस सैल बसावा, तशी माझी मागची भिंत मधोमध बाहेर फुगलेली आहे.

हे पोट मला जन्मतः नव्हते. या घरच्या माईंच्या यजमानांनी पहिली गाडी घेतली आणि तिच्यासाठी मला बांधायचे ठरवले. माणूस देवभोळा, प्रेमळ, पण माप दुसऱ्या कोणाला घेऊ द्यायचा नाही. टेप घेऊन स्वतः उकिडवे बसले आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गाडी मोजली.

गवंडी म्हणाला, "साहेब, एवढंच?"

"गाडी उभी कशावर राहते? चाकांवर! मग माप पण चाकांचंच."

मी बांधून झाले. सारी गल्ली बघायला जमली. गाडी ऐटीत आत आली, नाक भिंतीला टेकले, आणि दार काही लागेना. शेपूट बाहेर! यजमानांनी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, तिरकी घेतली. गाडी काही आखूड होईना. माई तेव्हा नव्या नवरी होत्या. पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, "अहो, गाडीला नाकसुद्धा असतं."

गल्ली हसली. यजमान मात्र शांतपणे गवंड्याला म्हणाले, "नाकापुरती भिंत मागे सरकवा." आणि मला पोट आले. पुढे आयुष्यभर पाहुण्यांना ते सांगत, "हवा खेळती राहावी म्हणून मुद्दाम काढून घेतलंय."

मित्रांनो, ते दिवस मोठे सुखाचे होते. सकाळी गाडी खोकत बाहेर पडायची, दुपारभर मी मोकळे, आणि संध्याकाळी माई भजनाला बसायच्या. घरात मुले अभ्यास करीत, म्हणून त्या माझ्याकडे येत. आजूबाजूच्या बायका सतरंजी घेऊन यायच्या. माईंचा आवाज फार गोड होता असे मी म्हणणार नाही. देवाच्या दारात खोटे कशाला बोलू? पण त्यांनी पद उचलले की माझे पत्रे आपोआप मागून सूर धरायचे. बायका म्हणायच्या, "माई, तुमचं गॅरेज काय गातं हो!" मी इतके फुगायचे, की पोट दिसेनासे व्हावे.

मग यजमान देवाघरी गेले. गाडी विकली गेली. माझ्यात काय काय येऊन पडू लागले म्हणून सांगू! घरात ज्याला जागा नाही आणि जे टाकवतही नाही, ते सगळे माझ्याकडे. साखळी नसलेली सायकल, रंगाचे सुकलेले डबे, एक पाय गमावलेली खुर्ची. पुढच्या अर्ध्या जागेत माईंच्या मुलाची छोटी गाडी अंग चोरून झोपायची. मुलाला सगळे भाऊ म्हणतात. आणि माईंचे गुडघे असे रुसले, की त्यांना चाकांची खुर्ची आली. खोली वरच्या मजल्यावर, जिना उभा. वर्ष झाले, माई खाली उतरल्या नव्हत्या. त्यांच्या खिडकीची माझ्याकडे पाठ. त्या वर गात असतील, तर मला ऐकू येत नसे. माझे पत्रे वाऱ्यावर नुसतेच करकरायचे, गवयाशिवाय साथ करावी तसे.

अशात आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक पाटी लागली. वस्ती जपणुकीची ठरली, देखरेखीला एक समितीही आली! आदल्या दिवसापर्यंत मी पडके होते. दुसऱ्या दिवशी मी वारसा झाले. गळत मात्र पूर्वीसारखेच होते.

एका सकाळी भाऊ माझ्यासमोर उभे राहून सूनबाईंना म्हणाले, "हे पाडू या. नवीन बांधू. पुढे गाडी, मागे आईला खोली. जिन्याची कटकट नाही, शेजारी खालचं न्हाणीघर आहेच."

सूनबाई म्हणाल्या, "समिती पाडू देईल?"

"बाहेरून याच लांबी-रुंदीचं दिसलं तर देईल. फक्त हे मागचं पोट काढून टाकू. भिंत कशी सरळसोट!"

मला कसे वाटले असेल? माईंना खाली आणणारी खोली होणार, म्हणून हायसे वाटले. आणि त्यासाठी मी जाणार, म्हणून पत्र्यांना कापरे भरले. दोन्ही एकदमच. भाऊंनी मला रिकामे केले. सायकल गेली, डबे गेले. मी निघण्याची तयारी झाल्यासारखे स्वच्छ उभे होते.

पण समितीचा एक नियम होता. नवे बांधकाम करण्याआधी त्याचा खऱ्या आकाराचा बांबू-कापडाचा सांगाडा अंगणात उभा करायचा. शेजाऱ्यांनी बघायचे, हरकत घ्यायची. भाऊंनी माझ्या शेजारीच बांबू रोवले आणि घरातल्या चादरींच्या भिंती केल्या. मी वळून पाहिले, तर माझी वारसदार गुलाबी फुलांची!

समोरच्या घरातले गृहस्थ लगेच आले. ते कशालाही हरकत घेतात, म्हणून त्यांना हरकतकाका म्हणतात.

"ही फुलं वस्तीच्या स्वभावात बसत नाहीत," ते म्हणाले.

"अहो काका, बांधकाम विटांचं होणारे. चादर फक्त दाखवायला," सूनबाई म्हणाल्या.

"मग दाखवायला तरी पट्ट्यांची लावा."

पट्ट्यांच्या लागल्या.

समितीच्या अध्यक्षबाई पाहणीला आल्या त्या दिवशी भाऊ म्हणाले, "खोली जिच्यासाठी, तिलाच आणतो. बघू दे तिला." माईंना खुर्चीसकट उचलून आणायला चौघे लागले: भाऊ, सूनबाई, दूधवाला, आणि माणूस कमी पडला म्हणून हरकतकाका. प्रत्येक पायरीवर त्यांचा आवाज येत होता.

"माई, तुमचं वजन वाढलंय, माझी हरकत आहे!"

"अरे, तुझीच ताकद कमी झालीये. नीट धर, नाहीतर तुला मांडीवर घेऊन उतरेन."

अंगणात आल्यावर माईंनी आधी माझ्याकडे पाहिले. वर्षाने! मग भाऊंनी खुर्ची चादरींच्या खोलीत ढकलली.

"आई, आता वळ बरं."

खुर्ची अर्धी वळली आणि अडली.

"भाऊ, अडतंय."

"कसं अडेल? मी स्वतः मोजलंय. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत!"

बाहेर उभ्या असलेल्या अध्यक्षबाईंनी पाहिले, तर नव्या बांधकामाच्या मागच्या भिंतीतून निळ्या मोज्यांतली दोन पावले बाहेर आलेली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारले.

आतून माईंचा आवाज आला, "माझं नाक!" आणि त्या अशा हसू लागल्या, की हसता हसता पायात चादर गुंतली. पाय ओढला, चादर आली. चादर ओढली, बांबू आला. आणि माझी वारसदार अध्यक्षबाई आणि हरकतकाकांसकट जमिनीवर आडवी झाली.

"याला मात्र माझी खरी हरकत आहे," चादरीखालून आवाज आला.

कोणाला लागले नाही, देवाची कृपा. पण ऊन कडक होते. सूनबाईंनी चटकन माईंना जवळच्या सावलीत नेले. जवळची सावली म्हणजे मी. माईंनी सवयीने चाक फिरवले. खुर्ची वळली. अजून वळली. माईंची पावले मागच्या भिंतीपाशी आली, अलगद माझ्या पोटात शिरली, आणि पोटाच्या दुसऱ्या कडेने परत आत आली. पूर्ण गिरकी!

माई थांबल्या. पोटावरून हात फिरवत पुटपुटल्या, "अहो, जमलं हो तुमचं माप." आणि त्यांनी एक जुने पद उचलले. आवाज आता कापत होता. पण मित्रांनो, वर्षभर नुसतेच करकरत राहिलेल्या माझ्या पत्र्यांनी तो सूर असा उचलून धरला, की धूळ झटकत आलेल्या अध्यक्षबाई दारातच थबकल्या.

पद संपल्यावर भाऊ डोळे पुसत म्हणाले, "आई, तू इथेच राहा. सगळी जागा तुझी. गाडी झोपेल बाहेर. ती भिजली म्हणून काही शेकायला मागत नाही."

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाहेरून जसं आहे तसं ठेवा. आतलं तुमचं. आणि हे मागचं पोट पाडायचं नाही. जुन्या काळी हवा खेळती राहावी म्हणून असं काढत असत."

माईंनी पदर तोंडाला लावला, पहिल्या दिवशी लावला होता तसाच.

आता माझी भोके बुजली आहेत, दाराला तेल मिळाले आहे, समितीला विचारून पोटात एक खिडकीही आली आहे. सूनबाई आतून छत बसवणार होत्या, माई म्हणाल्या, "नको गं, पत्र्यांचा आवाज दबेल." संध्याकाळी बायका सतरंजी घेऊन येतात. हरकतकाकाही येतात. सूर वर लागला म्हणून हरकत घेतात, आणि शेवटपर्यंत बसतात.

मित्रांनो, जुने काही पाडायचे असेल, तर जरूर पाडा. पण आधी एकदा त्याच्या आत शिरून बसा. आपल्या म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या आणि त्यांचे पाय मोजायला विसरू नका. आणि उद्या एखाद्या भिंतीला उगीचच पोट दिसले, तर हसा जरूर. पण हसून झाल्यावर एका माणसाची आठवण काढा. उकिडवा बसून, मोठ्या विश्वासाने, फक्त चाके मोजणाऱ्या आमच्या माईंच्या यजमानांची.